दोन इंचांची पट्टी

एक चांगली गाडी मी माझ्या हातानं बिघडवली, आणि तीही ठरवून बिघडवली, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. क्रांतीचं गॅरेज म्हटलं की कुणीही पत्ता सांगेल, आणि न विचारता माझ्या तोंडाळपणाच्या दोन गोष्टीही सांगेल. त्या खऱ्या आहेत.

गाडी म्हणजे १९६७ सालची एमजी. दोन सीटची, वरून उघडी, गडद लाल. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती ताराबाई पार्कातल्या एका पाडायला काढलेल्या बंगल्यातून ओढून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. आबांनी गाडी आणली आणि कागद केले माझ्या धाकट्या भावाच्या नावावर. राजवर्धन तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याला दहाचा पाना कुठला, बाराचा कुठला हे कळत नव्हतं. मी रोज आबांच्या हाताखाली ग्रीसमध्ये बरबटलेली. पण मुलाच्या नावावर करायचं असतं, म्हणून केलं. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग अकरा वर्षं मी तिच्यावर काम केलं. इंजिन तीनदा उघडलं. जो पार्ट मिळेना तो शेजारच्या लेथवर करून घेतला. सीटचं चामडं सुभाषनगरातल्या एका चपलांच्या कारागिराकडून शिवून घेतलं, त्यानं टाका असा घातलाय की आजही बोट फिरवावंसं वाटतं. गॅरेजमध्ये बाई बघून लोक गाडी द्यायला कचरायचे, तेव्हा मी त्यांना कोपऱ्यातली एमजी दाखवायची. ही मी उभी केली म्हटलं की पुढचं बोलणं आपोआप नीट व्हायचं. आबा गेले त्याला चार वर्षं झाली. दर रविवारी सकाळी सातला, दुकानं उघडायच्या आत, मी ती काढायची आणि राजारामपुरीच्या पहिल्या गल्लीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत एक फेरी मारायची. आठवड्यात तेवढा एक तास मी कुणावर ओरडत नसे.

फेब्रुवारीत राजवर्धनचा, म्हणजे आमच्या राजाचा, पुण्याहून फोन आला की गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. त्याला फ्लॅट घ्यायचा होता. तो भीत भीत सांगत होता असंही नाही, अगदी सहज सांगत होता, जुना फ्रीज काढायचा आहे तसं. मी म्हणाले, बरं. फोन ठेवला आणि समोरच्या जीपवाल्यावर उगाच तोंडसुख घेतलं.

सरळ सांगता आलं असतं की राजा, गाडी विकू नको. लोक मला तेच विचारतात. पण काय म्हणून सांगायचं? कागद त्याचे. मागितली असती तर कदाचित त्यानं दिलीही असती, तो वाईट नाही. पण जे अकरा वर्षं स्वतः केलं ते हात पसरून मागायचं माझ्या जिवावर आलं. तो आपणहून म्हणेल याची मी वाट बघत राहिले आणि त्याच्या ते डोक्यातही आलं नाही.

ते गिऱ्हाईक, पुण्याचे एक गृहस्थ, पुढच्या रविवारी आले. जुन्या गाड्या जमवणारे होते. टॉर्च घेऊन पाठीवर झोपून गाडीखाली गेले, दाराला लोहचुंबक लावून पत्रा अस्सल आहे का बघितलं, चाकांच्या पत्र्याच्या डिशवरचे नंबर वहीत उतरवून घेतले. तासाभरानं उठून हात पुसत म्हणाले, "एकही गोष्ट बदलू नका. आहे तशीच मला हवी आहे." अकरा दिवसांनी, गुरुवारी, ट्रक घेऊन येतो म्हणाले.

त्यानंतरचे दोन दिवस मी एका जागी बसले नाही. हातातलं काम सोडून रस्त्यापर्यंत जायची, परत यायची, चहा मागवायची आणि प्यायला विसरायची. एका रिक्षाचं ब्रेक ऑइल दोनदा बदललं. गिऱ्हाइकं म्हणायला लागली की बाईंचं आज काही खरं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीवरचं कापड काढताना त्या गृहस्थांचं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, आणि माझे पाय एकदम थांबले. आहे तशीच हवी. म्हणजे आहे तशी नसली, तर नको.

त्या गाडीची चाकं मुळात अरुंद. हातभर लांबून बघितलं तर बारीकच वाटतात, त्या काळच्या गाड्या तशाच असायच्या. ती चाकं रुंद करायची, जाड टायर घालायचे, ते मावावेत म्हणून मडगार्डची कड ठोकायची, की असला माणूस पुन्हा तोंडही दाखवणार नाही. आणि ठोकलेली कड पुन्हा पहिल्यासारखी कधीच होत नाही. तरी मी चारही डिश काढल्या आणि गुंडूमामांकडे घेऊन गेले.

गुंडूमामा आमच्याच गल्लीतले वेल्डर, आबांच्या बरोबरीचे. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांची आणि ट्रॉल्यांची चाकं रुंद करण्यात त्यांची हयात गेली. रिम मधोमध गोल कापायची, मध्ये पट्टी भरायची, पुन्हा जोडायची. आख्ख्या जिल्ह्यातला ऊस त्यांच्या वेल्डिंगवर कारखान्यात गेलाय. त्यांनी डिश हातात घेऊन फिरवून बघितली आणि कशाला वाढवायची, चांगली आहेत की, असं विचारलं. मी म्हणाले, राजाला रुबाब पाहिजे. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग किती, एवढंच विचारलं. मी म्हणाले, दोन इंच.

आत किती, बाहेर किती, हे मी सांगितलं नाही. एरवी दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी आधी दोरा लावून, पट्टी लावून दहा मापं घेतली असती. या वेळी एकही घेतलं नाही. गाडी चालवायची नव्हतीच, नुसती दाखवायची होती.

मडगार्डचं काम मी स्वतः केलं. घरातलं मुसळ आणलं, टायर आणि मडगार्डच्या कडेमध्ये सरकवलं, आणि गाडी पुढं मागं ढकलत कड आतून दाबत नेली. सगळे जुने लोक असंच करतात. रंगाला बारीक तडे गेले तेव्हा मला रडू आलं, आणि रडत रडत मी दाब सगळीकडे सारखा येतोय ना हे बघत होते. वाईट काम करायला घेतलं तरी हात बिचारे नीटच करायला बघतात. संध्याकाळी चार जाड टायरांवर गाडी उभी राहिली आणि गल्लीतले सगळे बघायला आले. जो तो म्हणाला, आता कशी झाली. मला एकेकाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

गुरुवारी ते गृहस्थ आले, राजाही पुण्याहून त्यांच्याबरोबर आला. मी कापड काढलं. गृहस्थ एकदा गाडीभोवती फिरले, मागच्या चाकाशी वाकले आणि तडकलेल्या रंगावर बोट टेकवलं.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही मारलंत हिला, बाई." आवाज चढवला नाही, काही नाही. पाणीही न घेता ट्रकवाल्याला परत फिरायला सांगून निघून गेले.

बेत जसाच्या तसा पार पडला होता. मला वाटलं होतं की मी मोकळी होईन, पण ते वाक्य अंगाला चिकटून बसलं. राजा टायरच्या ढिगावर बसला. तो चिडेल, मग मी चिडेन, मग एकदाचं सगळं बोलून होईल, अशी माझी तयारी होती. तो चिडलाच नाही. किंमत वाढेल असं वाटलं होय तुला, असं त्यानं मऊ आवाजात विचारलं आणि जाऊ दे, चांगल्यासाठीच केलंस, असं म्हणाला. त्याला माझी कीव आली होती. गाड्यांतलं ओ की ठो न कळणारा माझा भाऊ मला समजून घेत होता, आणि मला खाली मान घालून ते ऐकून घ्यावं लागलं.

त्या वेळी गॅरेजमध्ये शिवानंद नावाचे गडहिंग्लजकडचे गुळाचे व्यापारी होते, त्यांची जीप अलाइनमेंटला आली होती. हे सगळं होईपर्यंत ते चहा पीत बसले होते. आता कप ठेवून उठले आणि एमजीभोवती फिरायला लागले. त्यांचं फिरणं वेगळं होतं. बाजारात बैल बघतात तसे ते दोन पावलं मागं जायचे, मान कलती करायचे, पुन्हा पुढं यायचे.

"पावणं, ही गाडी द्यायची हाय का?" त्यांनी राजाला विचारलं. "असली एक बेळगावात बघितलती. तिची चाकं सायकलीगत. ही बघा की, कशी रोवून हुबी ऱ्हायलीया. चाकंच लई आवडली मला."

मी जीपचं बिल लिहीत होते. पेन तसंच धरून बसले. जन्म कोल्हापुरात गेला, इथली हौस रोज बघते, इथला माणूस नवी गाडी शोरूममधून थेट टायरच्या दुकानात रुंद चाकं घालायला नेतो हे मला ठाऊक. आणि मी हिशेब मांडला होता तो एका पुण्याच्या माणसाचा. जे करून गिऱ्हाईक पळवलं, त्यानंच दुसरं ओढून आणलं. वीस मिनिटांत बोलणी झाली. राजाचा चेहरा इतका खुलला की माझ्याकडून हूं की चूं झालं नाही. शिवानंद म्हणाले, रविवारी बायकोला घेऊन येतो, इथूनच गाडी जोतिबाला नेतो, पाया पडतो आणि मग घरी. त्यांच्या घरात नवं वाहन पहिल्यांदा जोतिबाचा डोंगर चढतं.

शुक्रवार कसा गेला ते मला सांगता येणार नाही. शनिवारी दुपारी मला बसवेना, म्हणून गाडी काढली. रुंद चाकांवर ती रस्त्यावर चालवायची ही पहिलीच वेळ. उद्या ती ज्या वाटेनं जाणार त्याच वाटेला लागले. पंचगंगेचा पूल ओलांडला, आणि मला कबूल करायला हवं, गाडी सुंदर पळत होती. वळणाला पूर्वी हलकी सरकायची ती आता रस्ता धरून बसत होती. बिघडवायला म्हणून केलेलं कामही मला नीट बिघडवता आलं नव्हतं, याचा मला राग आला. आणि त्या रागाखाली थोडा आनंदही होता, तोही सांगते.

घाटातल्या एका अवघड वळणावर मी स्टेअरिंग पुरतं फिरवलं तेव्हा पुढून खर्र असा आवाज आला. दुसऱ्या वळणावर पुन्हा आला आणि रबराचा वास सुटला. गाडी कडेला घेतली, चाक तिरकं करून आत हात घातला. चाकाला ब्रेकचं ऑइल नेणारा रबरी पाइप असतो, करंगळीएवढा जाड. टायर त्याला घासत होता. वरचं रबर सोलून आतले धागे उघडे पडले होते. आणखी आठदहा वळणं, की पाइप फुटला असता. उतरताना फुटला असता तर गाडीत बसलेल्यांना ब्रेकच उरला नसता.

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. चूक कुठं झाली ते लगेच कळलं. गुंडूमामांनी दोन इंचांतला एक इंच बाहेर वाढवला होता आणि एक आत, जसा त्यांनी जन्मभर वाढवला. उसाच्या गाडीच्या चाकाच्या आत काही नसतंच, तिथं ब्रेकचा पाइप कुठून येणार. त्यांचा काय दोष. सांगायचं काम माझं होतं, बघायचंही माझं होतं. हँडब्रेकवर हात ठेवून पहिल्या गिअरमध्ये मी परत आले. मागून हॉर्न वाजत होते, एकालाही मी उलट बोलले नाही.

रविवारी सकाळी शिवानंद आले, बरोबर त्यांच्या पत्नी गौराबाई. हातात हार, नारळ, चार लिंबं. गौराबाईंनी गाडी बघितली आणि नवऱ्याला कानडीत म्हणाल्या, "चलो ऐती." चांगली आहे म्हणाल्या. राजा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गुंडूमामा तंबाखू मळत दारात उभे होते. मी गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"गाडी आज न्यायची न्हाय," मी म्हणाले.

चाक काढूनच ठेवलं होतं. सगळ्यांना खाली वाकायला लावून पाइप दाखवला, काल घाटात काय झालं ते सांगितलं, आज गाडी नेली असती तर काय झालं असतं तेही सांगितलं. गौराबाईंनी त्या धाग्यांना बोट लावलं आणि बोट पदराला पुसलं.

"तू तपासलं न्हाईस?" राजानं विचारलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मी काहीही न तपासता सोडते हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"न्हाय. दाखवण्यापुरतीच बसवलती."

कुणाला दाखवण्यापुरती, कशाला दाखवण्यापुरती, हे त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं गाडीकडे आणि माझ्याकडे एकाच वेळी बघितलं. मान त्यानंच खाली घातली.

शिवानंदांना यातलं काही कळलं नव्हतं, आणि त्यांना त्याचं काही पडलंही नव्हतं. त्यांनी एकच विचारलं. रुंद चाकं ठेवून हे नीट करता येईल का? जुनी बारीक चाकं असतील तर त्यांना गाडी नकोच होती.

मी बोलायच्या आत गुंडूमामा दारातून पुढं आले. "अवघड हाय, मालक," ते म्हणाले. "जुन्या गाड्यास्नी असलं बसत न्हाय. आमी लई बघितल्यात."

मी त्यांच्याकडे बघितलं. गुंडूमामा कामाच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाहीत. आज बोलले, आणि माझ्यासाठी बोलले. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं. आता मी फक्त मान हलवायची होती. व्हय, अवघड हाय. गाडी राहिली असती. राजाही पुन्हा विकायचं नाव काढणार नव्हता, हे मला त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं. कुणाला खोटं सापडलं नसतं, कारण खरं काय ते सांगू शकणारे तिथं आम्ही दोघंच होतो.

शिवानंद उभे राहिले. माणूस भला. माझा चेहरा पडलेला बघून त्यांना वाईट वाटलं असावं.

"ऱ्हाऊ दे की, अक्का," ते म्हणाले. "जिवाला लावून घेऊ नगा. बाईमाणसाला न्हाय जमलं म्हणून काय झालं. एवढं केलंसा हेच लई झालं."

त्यांनी चिडून बोलायला हवं होतं. शिवी दिली असती तरी मी मान हलवून मोकळी झाले असते. पण ते प्रेमानं बोलले, आणि मला जमलं नाही हे त्यांनी इतक्या सहज मान्य करून टाकलं. हेच वाक्य ऐकायला मिळावं म्हणून उद्यमनगरातली निम्मी गल्ली वर्षानुवर्षं टपून बसलेली. गिअरबॉक्स उघडून रडकुंडीला आले तेव्हाही मी ते कुणाला म्हणू दिलं नव्हतं. माझी मान हलेना. राजा बघत होता, गुंडूमामा डोळ्यांनी नको नको करत होते.

"जमतंय की," मी म्हणाले. "आठ दिवस द्या."

गुंडूमामा बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आले. नंतर त्यांनी मला येडी म्हटलं, त्याहून वाईटही म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला माझ्याआधी गॅरेजच्या दारात हजर झाले.

ते आठ दिवस मी जसं काम केलं तसं पूर्वी केलं नव्हतं. दोरा बांधून मापं घेतली. नव्या डिश आणल्या, पट्टी इंचाचीच केली आणि सगळी बाहेरच्या बाजूला घेतली, म्हणजे आत धक्का लागायला नको आणि बेअरिंगवर जास्तीचा भारही नको. टायर एक नंबर कमी घेतला, बघणाऱ्याला ते कळणारसुद्धा नाही. प्रत्येक चाक लेथवर चढवून सरळ फिरतंय का बघितलं, दोन मला पसंत पडली नाहीत ती पुन्हा करायला लावली. नवा पाइप वरून वळवून पक्का बांधला. स्टेअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरू नये म्हणून आत लोखंडी अडसर बसवला. मडगार्डची तडकलेली कड खरवडून पुन्हा रंगवली. राजा दोन दिवस राहिला. एकदा चहा घेऊन आला आणि म्हणाला, ताई, तू एकदा तरी बोलायचंस. मी म्हणाले, तू एकदा तरी विचारायचंस. मग तो बोललेला शब्द फिरवता येतो का असं विचारायला लागला, तेव्हा मीच त्याला गप्प केलं. शब्द मी दिला होता, त्यानं नव्हे.

गाडी घेऊन मी दोनदा घाट चढले आणि उतरले. कुठं काही आवाज नाही. तिसऱ्यांदा गेले ते कामासाठी नव्हे.

पुढच्या रविवारी गौराबाईंनी चाकांना हळदकुंकू लावलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, शिवानंदांनी नारळ फोडला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शेवटी बजावलं की नवीन चाकं बसवली की शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात, थोडे सैल होतातच, कुठल्याही गाडीत होतात. बुधवारी इकडंच घेऊन या, दुसऱ्या कुणाचा हात लावू देऊ नका, मीच बघणार. ते हो म्हणाले. गौराबाईंनी डोक्यावरून पदर घट्ट बांधला आणि गाडी गेली. मला वाटलं होतं तेवढं रडू आलं नाही, कारण बुधवार होता.

सोमवारी मी गॅरेजमधला कोपरा धुवून घेतला. मंगळवारी काम लागेना. बुधवारी सकाळी जॅक मांडला, पाना काढून पुसून ठेवला, आलेल्या दोन गाड्या उद्या या म्हणून परत पाठवल्या. अकरा वाजले, एक वाजला. दर हॉर्नला रस्त्यापर्यंत जाऊन आले. गुंडूमामा समोरून बघत होते. चारच्या सुमाराला फोन वाजला.

"अक्का, शिवानंद बोलतोय. आमच्या गावातल्या मेस्त्रीकडनं बघून घेतलं हो. सोळाच्या सोळा नटांना पाना लावला. एकबी हाललेला न्हाय. मेस्त्री म्हनतोय, असलं काम कुणी केलं? मग आता कशाला साठ किलोमीटर यायचं, न्हाय का?"

मी म्हणाले, व्हय, कशाला यायचं.

फोन ठेवला आणि पाना जागेवर अडकवला. मला त्यांना सांगायचं होतं की रविवारपासून मी मनात एकच मागणं मागत होते. सोळांतला एक तरी नट ढिला निघू दे. वीस वर्षांच्या कामात मी असलं मागणं कधी केलं नव्हतं, आणि एवढी एक चूकही माझ्या हातांनी माझ्यासाठी केली नाही.